साठ्याचा आकडा सांगता, तर मॉडेलही दाखवा

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा वीजप्रकल्प महाराष्ट्राला एन्रॉनमुळे माहीत आहे. एन्रॉन बुडाली, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि 2005 मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नावाने तो पुन्हा उभा केला गेला, इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतरचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सुमारे 1,967 मेगावॅटच्या या प्रकल्पाला 2009 पासून आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळू लागला. काही काळ वीज व्यवस्थित निर्माण झाली. मग गॅस आटत गेला आणि 2013 मध्ये प्रकल्प पुन्हा थंड पडला. या वेळी त्यामागे ना कुणी परदेशी ठग होता, ना विजेच्या दराचा करार. समुद्राखाली जेवढा गॅस आहे असं संगणकावरच्या मॉडेलने सांगितलं होतं, तेवढा तो निघाला नाही.

नुकसान एकट्या अंजनवेलचं झालं नाही. या गॅसच्या भरवशावर देशभर वीजप्रकल्प उभे राहिले होते. 2015 मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं की, 14 हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या गॅसप्रकल्पांना देशांतर्गत गॅस अजिबात मिळत नाही. त्यांना बँकांनी कर्जं दिली होती. काकीनाड्यापासून भरूचपर्यंत सुमारे 1,400 किलोमीटरची पाइपलाइन टाकली गेली होती, ती महाराष्ट्रातूनही जाते, आणि तिची क्षमता दिवसाला 8 कोटी घनमीटर ठेवली होती. हा सगळा खर्च एका भाकितावर झाला. ते भाकीत कसं केलं होतं, कोणत्या गृहीतकांवर केलं होतं आणि त्यात चुकीची शक्यता किती धरली होती, हे या देशातल्या सामान्य नागरिकाला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळायला मार्ग नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. भूगर्भातलं तेल आणि गॅस जनतेच्या मालकीचे असतील, तर ते किती आहेत हे सांगणारं मॉडेलही जनतेला पाहता आलं पाहिजे. त्यात फक्त शेवटचा आकडा पुरेसा नाही. गृहीतकं, अनिश्चितता आणि भाकीत किती खरं ठरलं याचा दरवर्षीचा हिशेब, हे सगळं त्यात यायला हवं.

हे मॉडेल म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. त्याची ओळख नसल्यामुळेच आपण आकड्यांना इतक्या सहज भुलतो.

समुद्रतळाखाली दोन-तीन किलोमीटरवर काय आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. जहाजामागे हवेच्या तोफा आणि हायड्रोफोनच्या (पाण्यातल्या ध्वनिग्राहकांच्या) लांबच लांब केबली ओढतात. तोफेतून सुटलेली ध्वनिलहर खाली जाते, खडकांच्या थरांवर आपटून परत येते आणि तिची नोंद होते. अशा कोट्यवधी नोंदींवरून खालचं चित्र उभं करायचं, ते भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी. संगणकात खडकांचं एक काल्पनिक जग रचायचं, त्यातून लहरी सोडायच्या आणि येणारा प्रतिध्वनी खऱ्या नोंदीशी जुळतो का ते बघायचं. जुळला नाही तर खडकांचे गुणधर्म थोडे बदलायचे आणि पुन्हा लहरी सोडायच्या. फ्रान्समध्ये 1980 च्या दशकात अल्बर्ट टारांटोला आणि पॅट्रिक लायी यांनी या पद्धतीचा गणिती पाया घातला. प्रत्यक्षात ती मोठ्या प्रमाणावर वापरता येण्यासाठी मात्र महासंगणक पुरेसे मोठे होईपर्यंत दोन-तीन दशकं जावी लागली.

ही पद्धत खरोखर चमत्कारासारखी काम करते. मेक्सिकोच्या आखातात मिठाच्या जाड थरांखाली पूर्वी काहीच नीट दिसत नसे, कारण मीठ लहरी वाकवतं आणि चित्र फाटतं. तिथल्या अटलांटिस क्षेत्रात या तंत्राने 20 कोटी बॅरलहून जास्त अतिरिक्त तेलाचा शोध लागल्याचं ‘बीपी’ या ब्रिटिश तेलकंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं. म्हणून मॉडेलिंगवर अविश्वास दाखवणं हा माझा हेतू नाही. मी या शास्त्राच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच ते बंद खोलीत ठेवलेलं मला सहन होत नाही.

कारण या शास्त्राला स्वतःच्या मर्यादा उत्तम ठाऊक असतात. लहरीचा वेग खडकात सेकंदाला अडीच किलोमीटर आणि तिची वारंवारता सेकंदाला 50 असेल, तर तरंगलांबी 50 मीटर भरते. तिच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे बारा-साडेबारा मीटरपेक्षा पातळ थर सुटा दिसत नाही. आता कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात गॅस कशात आहे ते पाहा. प्राचीन नद्यांनी आणलेली वाळू समुद्रतळावरच्या वळणावळणाच्या प्रवाहमार्गांमध्ये साचत गेली. हे मार्ग एकमेकांना छेदतात, एकमेकांवर चढतात, मध्येच चिखलाच्या थरांनी तुटतात. दोन वाळूपट्टे जोडलेले आहेत की त्यांच्यामध्ये सहा मीटरची चिकणमाती आहे, हे अशा लहरींवरून काढलेल्या, म्हणजे सिस्मिक, चित्रात दिसत नाही. पण विहिरीतून किती गॅस येईल हे नेमकं त्यावरच ठरतं.

गॅसची अडचण आणखी वेगळी. वाळूच्या सच्छिद्र पोकळ्यांत पाण्याऐवजी थोडासा गॅस शिरला, अगदी पाच-दहा टक्के, तरी लहरीचा वेग झपाट्याने पडतो आणि सिस्मिक चित्रात ती जागा उजळून दिसते. पोकळी 80 टक्के गॅसने भरलेली असली तरी ती साधारण तेवढीच उजळते. त्यामुळे उजळलेला पट्टा गॅस आहे एवढंच सांगतो. तो विकण्याजोगा आहे की बुडबुड्यांपुरता, हे तो स्वतःहून सांगत नाही. ही गोष्ट भूभौतिकीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. घोषणा करणाऱ्या मंत्र्याला ती कुणी सांगत असेल का, याची मला शंका आहे.

पुढचा टप्पा वाहतुकीच्या मॉडेलचा. फ्रान्समधल्या दिजोंच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने 1856 मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. दाबातला फरक, वाळूची पारगम्यता (ती द्रवाला किती सहज जाऊ देते) आणि द्रवाचा चिकटपणा यांवर प्रवाह ठरतो. आजही तेलक्षेत्राचं प्रत्येक मॉडेल या नियमावर उभं असतं. क्षेत्राचे लाखो चौकोनी घनखंड करायचे, प्रत्येकाला सच्छिद्रता, पारगम्यता आणि दाब द्यायचा, विहिरी टाकायच्या आणि पुढची पंचवीस वर्षं संगणकावर चालवायची. अडचण अशी की उत्पादन सुरू होण्यापूर्वी या लाखो खंडांपैकी मोजलेले फार थोडे असतात, जिथून विहीर गेली तेवढेच. बाकीचे भूशास्त्रज्ञाच्या कल्पनेने आणि संख्याशास्त्राने भरलेले असतात. एकाच माहितीशी जुळणारी दहा मॉडेलं तयार होऊ शकतात, आणि दहाही मॉडेलांचं विसाव्या वर्षाचं भाकीत वेगवेगळं येऊ शकतं. म्हणूनच प्रामाणिक अभियंता एक आकडा देत नाही. तो पल्ला देतो: इतका गॅस निघण्याची शक्यता 90 टक्के, इतका निघण्याची 50 टक्के, आणि फार नशीब असेल तर इतका, त्याची शक्यता 10 टक्के.

जनतेपर्यंत मात्र एकच आकडा पोचतो. बहुतेक वेळा तो मोठा असतो, आणि अनेकदा तो निघू शकणाऱ्या गॅसचा नसून खडकात असलेल्या एकूण गॅसचा असतो. तेलाच्या बाबतीत या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं; जगभरात खडकातलं सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास तेलच वर येतं.

मुकेश अंबानींच्या ‘रिलायन्स’च्या, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी6 या ब्लॉकमधल्या (शोधासाठी नेमून दिलेल्या पट्ट्यातल्या) डी-1 आणि डी-3 क्षेत्रांसाठी 2006 मध्ये सरकारने मंजूर केलेल्या आराखड्यात सुमारे 10 लाख कोटी घनफूट गॅस निघेल असं धरलं होतं आणि उत्पादनाचं लक्ष्य दिवसाला 8 कोटी घनमीटर होतं. 2004 च्या पहिल्या आराखड्यात ते 4 कोटी होतं. दोन वर्षांत लक्ष्य दुप्पट झालं आणि भांडवली खर्च सुमारे 2.4 अब्ज डॉलरवरून 8.8 अब्ज डॉलरवर गेला. एप्रिल 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं, 2010 मध्ये ते 6 कोटी घनमीटरच्या थोडं वर गेलं आणि तिथून उतरणीला लागलं. 2013 पर्यंत ते 2 कोटींच्याही खाली होतं. साठ्याचा अंदाज तोवर सुमारे एक तृतीयांशावर आला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये ही दोन्ही क्षेत्रं बंद झाली.

त्याच काळात या गॅसवरून एक खटला देशभर गाजत होता. अंबानी बंधूंमधला तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धाकट्या भावाच्या कंपनीला दिवसाला 2 कोटी 80 लाख घनमीटर गॅस सतरा वर्षं आणि दर दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एकक) 2.34 डॉलर या दराने हवा होता. सरकारने ठरवलेला दर 4.20 डॉलर होता. वर्तमानपत्रं, संसद, शेअर बाजार, सगळे त्याच चर्चेत बुडाले होते. 7 मे 2010 रोजी निकाल लागला आणि न्यायालयाने ठासून सांगितलं की नैसर्गिक वायू ही जनतेची संपत्ती आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे. तत्त्व म्हणून हा निकाल फार मोलाचा आहे. पण ज्या गॅसची किंमत आणि वाटणी यावर इतकी वर्षं भांडण चाललं, त्यातला मोठा भाग तिथे नव्हताच, किंवा निदान निघण्याजोगा नव्हता. किमतीवर चर्चा करणाऱ्या हजारो लेखांमध्ये साठ्याच्या मॉडेलवर प्रश्न विचारणारे लेख किती होते? मला तर हे आपल्या सार्वजनिक चर्चेचं सर्वांत मोठं अपयश वाटतं. दर आणि वाटा हे आपल्याला राजकारणाचे विषय वाटतात, साठा किती हे मात्र तज्ज्ञांचं काम वाटतं. प्रत्यक्षात साठ्याच्या आकड्यावरच बाकी सगळं उभं असतं.

उत्पादन का पडलं, याचंही उत्तर आजतागायत एक नाही. कंपनीचं म्हणणं, भूशास्त्राने दगा दिला: वाळूपट्टे अपेक्षेइतके जोडलेले नव्हते, दाब झपाट्याने पडला, विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. सरकारचं म्हणणं, ठरलेल्या विहिरी खोदल्याच नाहीत: आराखड्यात 31 विहिरी होत्या, खोदल्या 22 आणि उत्पादनात आणल्या 18. म्हणून सरकारने खर्चाची वसुली नाकारली आणि प्रकरण लवादाकडे गेलं. आता हा वाद मुळात कशाचा आहे? आणखी तेरा विहिरी असत्या तर जास्त गॅस निघाला असता की तोच गॅस लवकर संपला असता, हा मॉडेलचा प्रश्न आहे. गॅसच्या क्षेत्रात तर तो तपासायची सोपी पद्धत आहे. जितका गॅस काढला आणि जितका दाब पडला, त्यांचा आलेख मांडला की बंदिस्त साठ्यात तो जवळपास सरळ रेषेत उतरतो, आणि ती रेषा शून्य दाबापर्यंत वाढवली की मुळात किती गॅस होता ते कळतं. पाणी शिरलं की रेषा वाकते. तेही आलेखात दिसतं. उत्पादनाच्या पहिल्या दोन वर्षांतले दाबाचे आकडे खुले असते, तर देशातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला दोन्ही बाजू जोखता आल्या असत्या. ते आकडे बंद राहिले आणि आपण वकिलांचे युक्तिवाद वाचत राहिलो.

याच ब्लॉकचा दुसरा वाद मॉडेलचं महत्त्व आणखी स्पष्ट करतो. 2013 मध्ये ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीने सांगितलं की तिच्या शेजारच्या ब्लॉकांमधला गॅस जमिनीखालून रिलायन्सच्या क्षेत्रात वाहून जातो आहे. जमिनीवर सीमा असते, खडकात ती नसते. दाब कमी होईल तिकडे गॅस जातो. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर ‘डीगोलियर अँड मॅकनॉटन’ या अमेरिकी सल्लागार संस्थेने अभ्यास केला आणि 2015 मध्ये निष्कर्ष दिला की 11 अब्ज घनमीटरहून अधिक गॅस सीमेपलीकडे सरकला होता. मग माजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह यांची समिती, 2016 मध्ये सरकारची सुमारे 1.55 अब्ज डॉलरची मागणी, 2018 मध्ये लवादाचा कंपनीच्या बाजूने निर्णय, 2023 मध्ये एकसदस्यीय पीठाचा तोच निर्णय कायम ठेवणारा निकाल आणि फेब्रुवारी 2025 मध्ये खंडपीठाने तो उलटवणं. आता सरकारची मागणी 2.81 अब्ज डॉलरवर गेली आहे. खटल्यात कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही; करारातले कायदेशीर मुद्दे वेगळे आहेत. पण लक्षात घ्या, अब्जावधी डॉलरच्या या वादाचा आधारभूत पुरावा म्हणजे एका सल्लागार संस्थेने चालवलेलं संगणकीय मॉडेल. जिच्या संपत्तीवरून हा वाद चालला आहे त्या जनतेसाठी, ते मॉडेल स्वतंत्रपणे चालवून पाहील अशी एकही सार्वजनिक व्यवस्था या देशात उभी नाही.

यात कुणा एका पक्षाला वा एका कंपनीला दोष देण्याचा हेतू नाही. सरकारी कंपन्यांचं चित्र याहून चांगलं नाही. गुजरात सरकारच्या जीएसपीसी या पेट्रोलियम कंपनीला याच खोऱ्यात 20 लाख कोटी घनफूट गॅस सापडल्याची घोषणा जून 2005 मध्ये झाली. प्रत्यक्ष विकास आराखड्यापर्यंत पोचता पोचता तो आकडा दोन लाख कोटी घनफुटांच्या आसपास आला. खोलवरचा उच्च दाब आणि उच्च तापमानाचा तो गॅस काढणंही अवघड निघालं, कर्ज वाढत गेलं आणि अखेर 2017 मध्ये ओएनजीसीने 80 टक्के हिस्सा 7,738 कोटी रुपयांना विकत घेतला. म्हणजे मॉडेलची चूक सार्वजनिक पैशातूनच दुसऱ्या सार्वजनिक पैशाकडे सरकली.

बोअर मारणारा आपला शेतकरीही खालचं पाणी न पाहता पैसे लावतो आणि अनेकदा कोरडी विहीर घेऊन बसतो. पण तो जोखीम स्वतःची घेतो आणि बोअर कोरडी निघाली तर गावभर कळतं. इथे जोखीम आपली, आणि ती किती होती हे मात्र आपल्याला सांगितलं जात नाही.

गोपनीयतेचा मुद्दा नेहमी पुढे येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. सिस्मिक सर्वेक्षणावर कंपनीने मोठा खर्च केलेला असतो. ब्लॉकचा लिलाव होण्यापूर्वी स्पर्धकाला तिचं चित्र मिळालं, तर शोध घेण्याचं प्रोत्साहनच संपेल. हे मला मान्य आहे. पण ब्लॉक मिळाल्यावर, विकास आराखडा मंजूर झाल्यावर आणि उत्पादन सुरू झाल्यावर स्पर्धा कसली उरते? राज्यघटनेच्या 297 व्या कलमानुसार समुद्रतळाखालची संपत्ती केंद्राकडे निहित आहे, आणि करारांनुसारही त्या माहितीवर सरकारचा हक्क असतो. नॉर्वेत विहिरींची कच्ची माहिती दोन वर्षांनी खुली होते, नेदरलँड्समध्ये पाच वर्षांनी. नॉर्वेच्या सरकारी कंपनीने, इक्विनॉरने, 2018 मध्ये व्होल्वे या बंद झालेल्या क्षेत्राची जवळपास सगळी माहिती जगाला देऊन टाकली: सिस्मिक, विहिरींचे लॉग (विहिरीतल्या मोजमापांच्या नोंदी), उत्पादन, आणि साठ्याची मॉडेलंसुद्धा. आज जगभरचे विद्यार्थी त्या क्षेत्रावर आपलं मॉडेल बांधून खऱ्या उत्पादनाशी ताडून बघतात. त्याने इक्विनॉर बुडाली नाही. आपल्याकडे 2017 पासून नॅशनल डेटा रिपॉझिटरी ही सरकारी माहितीपेढी आहे, आणि ती चांगली सुरुवात आहे. पण तिच्यात कच्चा डेटा असतो. मंजूर आराखड्यांमागची मॉडेलं, त्यातली गृहीतकं आणि भाकीत-वास्तवाची तुलना तिथे नागरिकाला मिळत नाही.

नेदरलँड्सचं उदाहरण मी केवळ नियमांसाठी देत नाही. तिथल्या ग्रोनिंगनचं गॅसक्षेत्र 1959 मध्ये सापडलं आणि त्याने त्या देशाची तिजोरी भरली. गॅस काढल्यावर खडकातला दाब पडला, थर दबले, जुन्या भेगा सरकू लागल्या आणि भूकंप होऊ लागले. 16 ऑगस्ट 2012 रोजी हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला आणि लोकांनी मॉडेलांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे धोक्याचं मॉडेल चालवण्याचं काम कंपनीकडून काढून टीएनओ या सार्वजनिक संशोधन संस्थेकडे देण्यात आलं. ऑक्टोबर 2023 मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी संसदीय चौकशीने सांगितलं की तिथल्या रहिवाशांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं. आपल्याकडच्या साठ्यांना तसेच भूकंप होतील असं नाही. पण मॉडेल कंपनीच्या हाती, त्याचा परिणाम लोकांच्या घरांवर आणि तपासणी कुणाचीच नाही, ही रचना टिकत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आपल्याकडे क्षमता नाही, असंही म्हणता येणार नाही. ओएनजीसीच्या देहरादून आणि अहमदाबाद इथल्या संस्था दशकानुदशकं हेच काम करतात. पुण्याच्या सी-डॅकने परम महासंगणकांवर सिस्मिक चित्रणाची सॉफ्टवेअरं बनवली आहेत. धनबादच्या आणि मुंबईच्या आयआयटीला, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला हे गणित येतं. आणि खुलेपणाचा अनुभवही आपल्याला आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने तिथे खोल विहिरी खोदल्या; 2017 मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटरची विहीर पूर्ण झाली. त्याआधी गुरुत्व, विद्युत-चुंबकीय आणि हवाई सर्वेक्षणं झाली होती. दख्खनचा बेसॉल्ट तिथे किती जाड आहे आणि त्याखाली गाळाचे खडक आहेत का, यावर वेगवेगळे अंदाज होते. विहिरीने सांगितलं, बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट. मध्ये गाळाचा थर नाही. कुणाचे अंदाज बरोबर ठरले, कुणाचे चुकले, हे सगळं शोधनिबंधांत छापून आलं. भूकंपासाठी खोदलेली विहीर खुली आणि तेलासाठी खोदलेली बंद, हा भेद का? दोन्हीचा खर्च शेवटी आपल्याच खिशातून जातो.

आणखी एक भीती मला लोकांच्या बोलण्यात दिसते. खुल्या मॉडेलांमध्ये अनिश्चितता दिसली तर गुंतवणूकदार घाबरतील, राजकारणी घोषणा करू शकणार नाहीत, उत्साह मावळेल. उत्साह थोडा मावळला तर बरंच. 2017 मध्ये भारतातल्या 26 खोऱ्यांचं पुनर्मूल्यांकन झालं आणि अंदाजित संसाधन 28 अब्ज टनांवरून सुमारे 42 अब्ज टन तेलसमतुल्य झालं. हे खोऱ्यांचं मॉडेलिंग होतं: कोणता थर किती खोल गाडला गेला, तो किती तापला, त्यातल्या सेंद्रिय द्रव्याचं तेल कधी झालं आणि ते कुठे वाहून गेलं, याचं गणित. ते चांगलं काम आहे, पण त्या आकड्यातला मोठा भाग अजून न सापडलेल्या तेल-गॅसचा आहे. तरी हा आकडा समाजमाध्यमांवर ‘भारताकडे एवढं तेल आहे’ म्हणून फिरतो. 2025 च्या जूनमध्ये पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी अंदमानात दक्षिण अमेरिकेतल्या तेलसंपन्न गयानाच्या तोडीचा साठा सापडू शकतो, असं म्हटलं. सप्टेंबरमध्ये अंदमानजवळच्या एका विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं जाहीर झालं. गॅस आढळणं ही चांगली बातमी आहे. गयानाच्या तोडीचा साठा ही अजून कल्पना आहे. या दोन्हींमधलं अंतर मॉडेलच्या पल्ल्यांतून लोकांना दाखवता येतं, आणि दाखवलंच पाहिजे.

काहीजण विचारतील, तापमानवाढीच्या काळात तेलाचा शोधच कशाला? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर काहीही असलं तरी मॉडेलांची गरज संपत नाही. भारत आजही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो. उद्या कर्बवायू जमिनीखाली गाडायचा ठरला, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वा रिकाम्या झालेल्या तेलक्षेत्रांत, तरी तो तिथेच राहील का, हे सांगणारं गणित दार्सीच्याच नियमावर चालणार आहे. तिथे चूक झाली तर तिचा परिणाम गॅस आटण्याहून गंभीर असेल.

आता मुंबईच्या समुद्रात एक नवा प्रयोग सुरू झाला आहे आणि तो या मागणीसाठी योग्य वेळी आला आहे. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबई हायमध्ये तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि देशाच्या तेलाचा मोठा भाग वर्षानुवर्षं तिथून आला. 1980 च्या दशकात क्षेत्राच्या प्रकृतीला झेपेल त्याहून जास्त उपसा झाल्याची टीका आजही जुने अभियंते करतात. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने या वृद्ध झालेल्या क्षेत्रासाठी ‘बीपी’ची तांत्रिक सेवादार म्हणून दहा वर्षांसाठी निवड केली. उत्पादन आधाररेषेच्या तुलनेत 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज देण्यात आला. पहिली दोन वर्षं ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा, अशी फीची रचना आहे.

वाढीव उत्पादन म्हणजे आधाररेषेच्या वरचं उत्पादन. आणि काहीही न करता क्षेत्र पुढच्या दहा वर्षांत किती घसरलं असतं, हे सांगणारी ती आधाररेषा म्हणजेसुद्धा एक मॉडेल. आधाररेषा खाली धरली, तर आपोआप होणारं उत्पादनही ‘वाढीव’ ठरेल आणि त्यातला वाटा द्यावा लागेल. वर धरली, तर खरी मेहनत करूनही सेवादाराला काही मिळणार नाही. दोन्हींत अन्याय आहे आणि दोन्हींची किंमत शेवटी ओएनजीसीच्या सर्वांत मोठ्या भागधारकाला, म्हणजे सरकारला, म्हणजे आपल्याला मोजावी लागेल. उत्पादनाच्या घसरणीच्या अंदाजामागे कोणती पारगम्यता धरली, पाणी किती वेगाने वाढेल असं मानलं, किती विहिरी बंद होतील असं गृहीत धरलं, हे लोकांसमोर आलं पाहिजे.

म्हणून पेट्रोलियम मंत्रालयाने आणि हायड्रोकार्बन महासंचालनालयाने इथून सुरुवात करावी: मुंबई हायची आधाररेषा, तिची गृहीतकं आणि तिचा शक्यतांचा पल्ला आत्ताच प्रसिद्ध करावा. देशातल्या एखाद्या सार्वजनिक संस्थेला तेच मॉडेल स्वतंत्रपणे चालवायला सांगावं. आणि 2026 पासून दरवर्षी एप्रिलमध्ये भाकीत काय होतं आणि प्रत्यक्षात किती तेल आलं, याचा एक तक्ता छापावा, तोही संसदेत मांडला जाईल अशा स्वरूपात. पुढे ही अट प्रत्येक नव्या विकास आराखड्याला लावता येईल. कृष्णा-गोदावरीच्या जुन्या आराखड्यांची मॉडेलंही खटले संपताच खुली करता येतील.